पहिली कशाने वारली

११ जानेवारी

वर ‘प्रिय’ लिहिलं होतं. मग खोडलं. मग वाटलं, खोडलेलं दिसलं तर तुला आणखीच काहीतरी वाटेल, म्हणून नवा कागद घेतला. आता वर काहीच नाही. तुलाच लिहिलंय हे तुला कळेल.

मी ठीक आहे. कुठे आहे ते सांगणार नाही. पाकिटावरचा शिक्का बघत बसू नकोस, कारण हे पत्र मी इथून टाकत नाहीये. सिनेमाच्या रिळांच्या पेट्या नेणारा टेम्पोवाला ते दुसऱ्याच गावी टाकणार आहे. त्याला सांगितलं, मैत्रिणीला आहे. तर म्हणतो, “मैत्रिणीच्या पत्राला एवढा डिंक?” माणसं नको तिथे हुशार असतात.

किल्ली खालच्या शिवणवाल्या काकूंच्या खिडकीत ठेवली होती, ती मिळाली असेल. त्यांना मी मामाकडे जाते म्हणून सांगितलं. मामाकडे एक रात्र राहिलेसुद्धा, त्यामुळे ते अगदीच खोटं नव्हतं.

मी एका जुन्या सिनेमागृहात कामाला लागलेय. हातात बॅटरी घ्यायची, अंधारात लोकांना खुर्च्या दाखवायच्या. हसू नकोस. भिंगरी कुठे टिकणार, असंच म्हणशील ना? केस कापायचा कोर्स अर्धा, फुलांचं दुकान अर्धं, लग्नही अर्धं. पण इथे मन लागलंय. खुर्च्यांच्या गाद्यांतून काथ्या बाहेर आलाय आणि बाल्कनीत एक मांजर व्यालंय. तिची तीन पिल्लं आहेत, त्यातलं एक इतकं... असो. पिल्लांचं नंतर.

इथे फक्त जुने काळे-पांढरे रहस्यपट लागतात. मालकाकडे तेवढेच आहेत. रोज बघून बघून मला त्यांतली लग्नं पाठ झालीत. लग्न पटकन होतं. बाई कुठेतरी एकटी उभी असते, पाऊस नाहीतर धुकं असतं, एक सभ्य माणूस छत्री धरतो, की पुढच्या दृश्यात तिच्या बोटात अंगठी. आपलं तरी काय वेगळं होतं? मी खोकल्याचं औषध घ्यायला तुझ्या दुकानात आले आणि पुढच्याच महिन्यात तुझ्या ओट्यावर चहा करत होते. लग्नानंतर या बायका भांडी घासत नाहीत. एकही नाही. त्या फक्त जिन्यात उभ्या राहून कानोसा घेतात. तो जवळ येतो तेव्हा व्हायोलिन वाजतं, आणि व्हायोलिनवरून काही म्हणजे काही कळत नाही. मिठीत घ्यायलाही तेच आणि ढकलून द्यायलाही तेच.

आणि पहिली बायको. ती मेलेलीच असते, आणि घरात जिवंत बाईपेक्षा जास्त जागा अडवते.

आता खरं लिहिते. तुझ्या पहिलीबद्दल मी विचारलं तेव्हा तू म्हणालास, ती माहेरच्या जिन्यावरून पडली आणि जागच्या जागी संपली. तू पोचलास तेव्हा चेहरा झाकलेला होता. मग त्या दिवशी कपाट आवरताना तू सहज बोलून गेलास, “शेवटी दवाखान्यात तिनं माझा हात इतका घट्ट धरला होता.” मी घड्या घालत राहिले. चेहरा झाकलेल्या बाईनं हात कसा धरला, हे मी विचारलं नाही. पण तू माझ्याकडे बघितलंस. मला ऐकू गेलंय हे तुला कळलं. मग म्हणालास, “तुझा खोकला वाढलाय,” आणि बाटली घेऊन आलास. चमचा माझ्या तोंडापर्यंत आणलास. मी गिळेपर्यंत समोरून हलला नाहीस.

घरात तिचा फोटो नाही. कंगवा नाही, एखादी पिनसुद्धा नाही. मी शोधलंय, तू दुकानात असताना.

म्हणून गेले. आता एकच सांग, पहिली कशाने वारली? उत्तरही एकच दे. मामाच्या पत्त्यावर लिही, तो पुढे पाठवेल. त्याच्याकडे जाऊन चौकशी करू नकोस, त्याला मी पुरतं घाबरवून ठेवलंय.

भिंगरी

२७ जानेवारी

तू लिहितोस, “तुझं पाकीट आलं. घर खायला उठतं. काकू विचारत असतात. खोकला कसा आहे? सोबत बाटली पाठवतो, रोज झोपताना दोन चमचे.”

आणि माझ्या प्रश्नाचं?

बाटली मी ऑफिसातल्या कपाटावर ठेवली, माझ्यापासून लांब. झाकण सीलबंद आहे, बघितलं मी. पण सील करायचं यंत्र तुझ्या दुकानात आहे हेही मला माहीत आहे. रहस्यपटात नवरा औषधाच्या दुकानात कामाला असता ना, तर प्रेक्षक म्हणाले असते, इतकं उघड कुठे दाखवतात का!

आमच्या खिडकीवाल्या मावशीला, म्हणजे तिकिटं विकते तिला, यातलं काही ठाऊक नव्हतं. तिनं बाटली उघडली आणि माझ्यादेखत दोन घोट घशात ओतले.

“मावशी! काय केलंत!”

“घसा बसलाय गं. संध्याकाळी बोलायचंय मला. गोड आहे की.”

मी तिच्याकडे खेळ संपेपर्यंत बघत होते. ती मेली नाही. उलट आवाज मोकळा झाला.

तिला बोलायचं असतं ते का, सांगते. इथे सगळ्यात चालतो तो सिनेमा एका घड्याळजीचा आहे. तो नवं लग्न करतो. घरात त्याच्या मेलेल्या बायकोचं घड्याळ असतं आणि त्याला रोज कोणीतरी किल्ली देत असतं. नवी बायको शोधत शोधत तळघराच्या दारापर्यंत जाते, कडीवर हात ठेवते, आणि रीळ संपतं. शेवटचं रीळ कधीच जळून गेलंय. मालकाला दुसरं मिळालं नाही. म्हणून दिवे लागतात, मावशी पदर खोचून पडद्यासमोर उभी राहते आणि शेवट तोंडी सांगते. लोक त्यासाठीच येतात, म्हटलं तरी चालेल.

गंमत म्हणजे तिचे शेवट दोन आहेत. दुपारच्या खेळाला बायका एकेकट्या येतात, पिशव्या घेऊन. त्यांना ती सांगते की तळघरात पहिलीचा सांगाडा होता आणि नवऱ्याला फाशी झाली. बायका समाधानानं पिशव्या उचलतात. संध्याकाळी जोडपी असतात. तेव्हा किल्ली देणारी म्हातारी मोलकरीण निघते, नवरा निर्दोष सुटतो आणि नवी बायको त्याच्या छातीवर डोकं ठेवून माफी मागते.

“पण खरा शेवट कुठला?” मी विचारलं.

“मला काय माहीत? मी खिडकीत असायची. यांना विचार.”

‘हे’ म्हणजे तिचा नवरा, ऑपरेटर काका. आयुष्यभर वरच्या खोलीत मशीन चालवतायत.

“काका, घड्याळजी खुनी आहे का?”

“मी कुठे गोष्ट बघतो? मी वरचा उजवा कोपरा बघतो. तिथे ठिपका उमटला की रीळ संपत आलं, दुसरं मशीन सुरू करायचं.”

“पण शेवटचं रीळ होतं तेव्हा?”

काकांनी हातातला रिळाचा डबा खाली ठेवला. “कोपऱ्यात एक पडदा हलत होता,” म्हणाले.

“असला माणूस,” मावशी म्हणाली. “लग्नाच्या दिवसाचं विचार, यांना माझ्या डोक्यावरचा दिवा आठवेल.”

“बल्ब होता,” काका म्हणाले. “उडत होता.”

इतके हसलो आम्ही. हसता हसता मला तू आठवलास, हे लिहायला नको होतं, पण लिहिलं. दुपारी मी सांगाड्यापर्यंत थांबते आणि म्हणते, बरं झालं निघून आले. संध्याकाळी मागच्या रांगेत बसते आणि रडते. ती माफी मात्र मला पटत नाही. घाबरली ती, आणि माफीही तिनंच मागायची? रात्रंदिवस तिला अंधारात ठेवणाऱ्यानं काहीच नाही?

तरीसुद्धा, मला संध्याकाळचा शेवट दे. मी पिशवी भरूनच ठेवलेली असते, हे तुला माहीत आहे. नीट उत्तर आलं तर पुढच्याच गाडीनं येईन. खोटं वाटलं तर कळेल मला. कसं ते विचारू नकोस.

तुझी (हे पेनानं आपोआप लिहिलं)
भिंगरी

९ फेब्रुवारी

हे पत्र मी टाकणार नाही. तरी लिहितेय, कारण हातांना काहीतरी काम पाहिजे.

आज दुपारच्या खेळाला उशिरा एक बाई आली. मी बॅटरी खाली धरून तिला रांग दाखवत होते. तिनं तिकीट पुढे केलं, मी ते बघायला बॅटरी उचलली, तेव्हा उजेड माझ्या तोंडावर पडला असणार. ती बाई अशी किंचाळली, अशी किंचाळली की सगळं थेटर तिच्यामागून किंचाळलं. पडद्यावर तेव्हा नायिका नुसते केस विंचरत होती.

शिवणवाल्या काकू होत्या. इथे भाचीकडे आल्यात. खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होत्या आणि माझ्याकडे बोट दाखवत होत्या.

मी त्यांना बाहेर आणलं, बाकावर बसवलं. मावशी पाणी घेऊन आली. काकूंनी आधी माझा हात दाबून बघितला, मग गाल.

“गरम आहे,” त्या मावशीला म्हणाल्या.

“मग काय गार पाहिजे होती?”

“अहो, ही मेली ना!”

“कशानं?” हे मीच विचारलं. दुसरं काय विचारणार?

“काविळीनं. मामाकडे. नवऱ्यानं सांगितलं तुझ्या. अगं, किती रडला तो माझ्या दारात! आम्ही सगळ्या मजल्यांनी मिळून त्याला आळीपाळीनं डबे दिले. मी तुझ्या निळ्या ब्लाउजचं कापड जपून ठेवलंय, शिवायचं राहिलं म्हणून. ते बघून रोज डोळ्यांत पाणी येतं माझ्या.”

“कधी सांगितलं त्यानं?”

काकूंनी हिशेब केला. मीही केला. तू मला बाटली पाठवलीस, रोज दोन चमचे घे म्हणालास, खोकला विचारलास, तेव्हा तू माझ्या मरणाचे डबे खात होतास.

मी काकूंना खडसावलं की मी दिसले हे कुणाला कळवायचं नाही. त्या म्हणाल्या, “मी कुणाला सांगते का कधी काही?” म्हणजे फार तर आठवडाभर.

१० फेब्रुवारी

हेही टाकणार नाही.

सकाळपासून एकच विचार डोक्यात आहे. जी बाई आधीच मेलीय तिला कुणी मारलं, तर पोलीस शोधणार कुणाला? सगळी इमारत साक्ष देईल की ती काविळीनं वारली. मामा घाबरट आहे. माझं दुसरं कुणी नाही, हे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तू विचारलंच होतंस, औषधाच्या चिठ्ठीवर नाव लिहिताना, “घरी कोण कोण?” मला वाटलं होतं, किती आपुलकीचा माणूस आहे.

मावशीला सगळं सांगून टाकलं. ती तिकिटांचे गठ्ठे लावत ऐकत होती. मध्येच दोन गिऱ्हाइकं झाली, मग पुन्हा ऐकलं.

“पहिली जिन्यावरून आणि तू काविळीनं?”

“हो.”

“मग एक सांग. तू मेलेली नाहीस.”

“नाही.”

“तू मेलीस हे सांगणारा कोण होता?”

“तोच.”

“आणि पहिली मेली हे सांगणारा?”

खिडकीबाहेरचा माणूस म्हणाला, “बाई, बाल्कनीचं द्या,” आणि तिनं त्याला खालचं दिलं, इतकं तिचं लक्ष माझ्याकडे होतं.

काकूंना जाऊन विचारलं, पहिलीचं प्रेत कुणी बघितलं होतं का. त्या म्हणाल्या, नाही बाई, तिकडेच सगळं उरकलं, तो एकटाच परत आला. पहिली त्यांची जिवाभावाची होती. दोघी मिळून काज-बटणं करायच्या, एकाच कपातून चहा प्यायच्या. लग्नाआधी ती तिच्या गावी चष्म्याच्या दुकानात होती, भिंगं घासायची. गावाचं नाव काकूंना पाठ आहे, पण तिथे त्या कधीच गेल्या नाहीत. “मेलेल्या माणसाच्या गावी काय म्हणून जायचं?”

उद्या काकू आणि मी तिच्या गावी जातोय. मला भीती वाटतेय की ती नसेल. खरं सांगायचं तर असेल याचीही वाटतेय.

१६ फेब्रुवारी

मधली दोन पत्रं याच पाकिटात आहेत. आधी ती वाच. तुला घाई नाही, पत्र आणणारी थांबेल.

ती आहे.

बाजारातल्या दुकानात, काचेपलीकडे, डोळ्याला भिंग लावून बसली होती. काकूंनी तिला बघितलं आणि तिथेच पायरीवर बसकण मारली. मी आत गेले, म्हटलं, बाहेर तुमची मैत्रीण आहे. ती बाहेर आली. मला वाटलं होतं गळ्यात पडतील. तिनं काकूंकडे बघितलं आणि म्हणाली,

“आता आठवण झाली?”

काकूंनी पायरीवरूनच तिचा हात दाबून बघितला.

“मी ऑपरेशनला पडले होते तेव्हा तीन पत्रं टाकली मी नवऱ्याच्या पत्त्यावर, म्हटलं तुझ्यापर्यंत पोचवील. तू साधं ‘कशी आहेस’ म्हटलं नाहीस.”

“अगं, मला वाटलं तू मेलीस!”

“काहीतरी सांगू नकोस. नव्हतं यायचं तर नव्हतं म्हण.”

“जिन्यावरून पडलीस तू!”

“कुठल्या जिन्यावरून? आमचं घर बैठं आहे!”

मग मीच सगळं सांगितलं, मी कोण इथपासून. ती ऐकत होती. आधी हसली, मोठ्यानं, दुकानातला मालक वळून बघेपर्यंत. मग हसू गेलं. मग तिनं काकूंच्या शेजारी पायरीवर बसून त्यांच्या पदराला डोळे पुसले. एवढी वर्षं तिला वाटत होतं की नवरा सोडला म्हणून अख्ख्या इमारतीनं तिला टाकलं. काकूंनीसुद्धा. म्हणून ती परत त्या बाजूला फिरकली नाही. आणि तिकडे काकू तिच्यासाठी रडत होत्या. जिन्यावरून कुणी पडलं नाही, पण तू जे तोडलंस ते काही कमी नाही.

मी तिला विचारलं, का सोडलंत? मारायचा? पाजत होता काही?

“छे गं. चांगला होता. पण चारचौघांत माझ्याबद्दल सांगत बसायचा. हिला गोड आवडत नाही, हिला प्रवास सोसत नाही, ही माझ्याशिवाय झोपत नाही. मी शेजारी बसून ऐकायची, आपल्याला काय काय आवडत नाही ते. एक दिवस म्हटलं, मला प्रवास सोसतो की नाही ते गाडीत बसून बघू या.”

मी पण अशीच ऐकत बसायची रे. ‘भिंगरी’सुद्धा तूच ठेवलंस.

तर तू खुनी नाहीस. हे कळल्यावर मी नाचीन असं मला वाटलं होतं. परतीच्या गाडीत खिडकीला डोकं लावून नुसती बसले. रहस्यपटात नवऱ्याचे दोनच प्रकार असतात, मारणारा आणि निर्दोष. तुझ्यासारखा मी एकाही पडद्यावर बघितला नाही. बायको सोडून गेली हे चार माणसांत सांगण्यापेक्षा तिला तोंडानं मारून टाकणारा. त्या दिवशी कपाटापाशी तू म्हणाला असतास, “ती मेली नाही, तिनं मला सोडलं,” तर मी घड्या टाकून तुझ्याजवळ बसले असते. देवाशपथ बसले असते. मी स्वतः किती जागा सोडून आलेय! मला ते ऐकून काहीच वाटलं नसतं. फक्त तू थोडा जास्त आवडला असतास.

आता नाही. मी परत येणार नाही, आणि त्यात भीती नाही असं नाही. तू मला औषध पाठवत होतास. म्हणजे मी जिवंत आहे हे तुला ठाऊक होतं, तरी दुसऱ्या दारात जाऊन रडत होतास, आणि काकू म्हणतात की ते रडणं खरं होतं. हेच मला सगळ्यात भयंकर वाटतं. पुढेमागे मी परत आले असते, तर तू काय केलं असतंस? सगळ्या मजल्यांना काय सांगितलं असतंस? याचं उत्तर मला सुचत नाही. सुचेपर्यंत मी तुझ्यासोबत एका छताखाली झोपू शकत नाही. सुचलं तर बहुतेक त्यानंतर मुळीच नाही.

मी सिनेमागृहही सोडतेय. पुढे कुठे ते मलाच ठरवायचंय. प्रवास मला सोसतो.

एक काम तुझं राहिलंय. पत्र घेऊन काकू दारात उभ्या आहेत. तुझं वाचून होईपर्यंत हलू नका, असं मी त्यांना बजावलंय. तिसऱ्या मजल्यावर त्या एकट्या चढल्या नाहीत. वाटेत प्रत्येक मजल्यावर थांबून, दारं वाजवून आल्यात, त्यामुळे जिन्यात आता बरीच माणसं जमली असतील. ओरडायचं असेल ते त्यांचं ओरडून झालं असेल.

कागद खाली ठेव. काकूंच्या मागे जी उभी आहे, तिची सगळ्यांना ओळख करून दे.